पाठीवरच्या काळ्या फुल्या

ती घटना आठवली की आजही अंगावर काटा येतो. त्या वेळी माझी नेमणूक पूर्णा तालुक्यातील एका ठाण्यात बीट जमादार म्हणून होती. स्वेच्छानिवृत्तीनंतर आता मी तहसीलसमोर अर्ज लिहितो. परंतु हे प्रकरण कोणत्याही अर्जात मावणारे नाही.

ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी एका गावाच्या पोलीस पाटलांनी खबर दिली, "जमादार साहेब, उद्या एका म्हातारीला गावाबाहेर काढायलेत. घराचे पत्रे बी उचकटणार." स्टेशन डायरीत नोंद करून मी तत्काळ रवाना झालो.

ऊसतोडीला निघायच्या तयारीत असलेल्या एका कुटुंबात रोज सकाळी लहान मुलीच्या पाठीवर नवी काळी फुली उमटत होती. फुलीखालची कातडी भाजल्यासारखी. संशय शेजारच्या एकट्या म्हातारीवर. तिच्या एका डोळ्यात फूल पडलेले होते. तिच्या अंगणात कोंबडीसुद्धा फिरकत नाही, असे लोक सांगत.

"तिनंच करणी केली, साहेब!" मुलीची आई किंचाळली. मी गावाकडून तीन दिवसांची मुदत घेतली.

"काय केलंस? खरं सांग," मी म्हातारीला दरडावले. ती त्या पांढऱ्या डोळ्याने नुसती पाहत राहिली. माझा हात आपोआप खिशात गेला. तिथे बायकोने उतारा म्हणून दिलेले लिंबू होते.

दुसऱ्या दिवशी टोपी काढून मी तिच्या ओट्यावर बसलो. "आजी, चहा देता का?"

"दूध न्हाई. खिशात लिंबू हाय न्हवं तुमच्या? पिळा त्येच्यात."

मी मुकाट्याने पिळले.

कुडापलीकडून मुलीची आई हे पाहत होती. मी तिला बोलावले. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. म्हातारी म्हणाली, "लेकराला खोबरेल लाव, माय. लय आग हुईत आसंल." बाई निघून गेली. तिसऱ्या दिवशी मात्र मुलीला घेऊन ती आत आली आणि बसली.

म्हातारी गोधड्या शिवून पोट भरत असे. फुली चाचपून तिने विचारले, "पोरगी पांघरती काय? आन इकडं."

गोधडीच्या उलट्या बाजूला, कोपऱ्यात, बिब्ब्याच्या कातडी भाजणाऱ्या चिकाची ओली फुली होती. झोपेत तीच पाठीला लागून रोज नवी उमटत होती. कारखान्यावर गोधड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मुकादमाने साऱ्या टोळीला तशी खूण करायला लावली होती. मुलीच्या बापाने ती केली, पण घरात सांगितले नाही.

"मी तर तुमचे पत्रे काढायला निघाले होते, मावशी," बाई रडू लागली.

"काढले आसते, तर गोधडी कुणी बघितली आसती गं?"

टोळीचा ट्रॅक्टर निघाला तेव्हा ती बाई खाली उतरली आणि आपल्या घराची किल्ली म्हातारीच्या हातात देऊन गेली.

सेवेत मी असंख्य जबाब नोंदविले. परंतु पहिल्याच दिवशी मी तिला 'आजी' म्हटले असते, तर ते लेकरू आणखी दोन रात्री त्या गोधडीखाली झोपले नसते.