ग्रहणातली सुई

माझी मुलगी सहा वर्षांची झाली, तरी हाक मारली की मान वळवत नाही. बोलत नाही. डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवते, थांबलं की पुन्हा फिरवते, आणि कुणी ते उचललं तर अख्खं गाव गोळा होईल असा आकांत करते. हिचं असं का झालं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझ्यामुळे. मी पोटुशी असताना ग्रहणात सुई टोचली.

सुई टोचली हे खरं आहे. मी गावची आशा कार्यकर्ती. आमचं गाव गडचिरोलीकडच्या जंगलातलं, पावसाळा लागला की घरटी एक माणूस तापाने अंथरुणात. तापलेल्याचं बोट टोचायचं, थेंबभर रक्त किटवर घ्यायचं, मलेरिया निघाला तर गोळ्या द्यायच्या, हे माझं काम. आणि ग्रहणात पोटुशा बाईने घराबाहेर पडू नये, विळीला-सुईला हात लावू नये, हा आमच्याकडचा दंडक. त्या दिवशी दुपारी सूर्यग्रहण होतं. आभाळ इतकं भरलेलं की ते कुणाला दिसलंसुद्धा नाही. पण गावाबाहेरच्या टोलीवरचं एक लेकरू तापाने फणफणलं होतं, मी गेले, त्याचं बोट टोचलं. मलेरिया निघाला. लेकरू आठवड्यात बरं झालं. आज ते दप्तर घेऊन आमच्याच दारावरून शाळेत जातं, आणि त्याची आई मला भेटली की हळहळते, "बिचारी पोट्टी, गरानानं नासवली बाप्पा!"

मला त्या बाईचा राग येतो. राग यायचा मला हक्क नाही, तरी येतो.

कारण त्या दिवशी ताप मलाही होता. दोन आठवड्यांपासून होता. एक दिवसाआड दुपारी हुडहुडी भरायची, दात वाजायचे, मग अंग भाजून निघायचं, मग घाम. हे कशाचं लक्षण हे मला विचारायला कुणाकडे जावं लागत नव्हतं. गावाला मीच ते शिकवलं होतं. पिशवीत किट होती. मी बोट टोचलं नाही.

त्याआधी माझं एक मूल पोटातच गेलं होतं, तिसऱ्या महिन्यात. जायच्या आठ दिवस आधी उपकेंद्रात माझ्या दंडातून तपासणीसाठी रक्त काढलं होतं. सासूने दोन्हींची गाठ मारून टाकली. "एक डाव रगत काढलं अन् लेकरू गेलं. आता मी थेंबभर काढू देनार नाई," पुन्हा दिवस राहिले तेव्हाच ती म्हणाली. बायकांच्या बैठकीत मी स्वतः घसा फोडून सांगायची की रक्त तपासल्याने मूल जात नाही. घरी मात्र गप्प बसले. सासूच्या धाकाने बसले, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण ते खोटं आहे. मलाच भीती वाटली. लोकांच्या मुलांपुरतं जे शास्त्र मला पटत होतं, ते माझ्या मुलाची वेळ आली तेव्हा पटलं नाही. घरात कुणाला ताप कळू न देता पिशवीतल्या साध्या गोळ्या खाऊन मी दिवस ढकलले, आणि तिसऱ्या आठवड्यात धानाच्या बांधीत कोसळले. मग जीप, मग तालुक्याचा दवाखाना, सलाईन. मलेरिया होताच. पुढे दिवस भरले, मुलगी झाली, थोडी हलकी, पण हातपाय धड. पेढे वाटले.

मुलगी तीन वर्षांची झाल्यावर आम्ही तिला चंद्रपूरला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नवरा होता, सासू होती. डॉक्टरांनी विचारलं, गरोदरपणात काही झालं होतं का? सासूने लगेच ग्रहण सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताप वगैरे?" सासू नवऱ्याकडे बघायला लागली, नवरा माझ्याकडे.

"दोन दिवस," मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आईचं शरीर रोगाशी झुंजतं तेव्हा अंगात दाह पेटतो. तो बरेच दिवस राहिला, तर त्याचा परिणाम वारेतून पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो, आणि बाळाचा मेंदू तर तेव्हा घडत असतो. "पण हे असू शकतं, नसूही शकतं," त्या म्हणाल्या. "ताप आलेल्या बहुतेक बायकांची मुलं ठणठणीत असतात. काही आईबापांच्या रक्तातूनच येतं, काहींचं कारण कधीच कळत नाही. तुमचा तर दोनच दिवसांचा ताप. मनाला लावून घेऊ नका."

परतीच्या बसमध्ये सासू म्हणाली, "डॉक्टरनीले काई समजत नाई. नुसतं असन, नसन." मी मान हलवली. ग्रहण निदान ठामपणे बोलतं. आणि खरं सांगायचं तर त्याच्या आडोशाला मी सुखात होते. ग्रहणात बाहेर पडली म्हणून लोक मला हट्टी म्हणत, शिकून शहाणी झाली म्हणत. म्हणोत बापडे. त्यांना आठवड्यांचा हिशेब कुठे ठाऊक होता?

यंदा भादव्यात धाकट्या जावेला पाचवा महिना होता आणि तिला हुडहुडी भरली. मी किट घेऊन तिच्याजवळ बसले. तिने हात पदराखाली घेतला.

"मले कायले टोचता बाई? मी तं गरान पाळलं. खाटेवरून उठली नाई."

"गरानाचा काई संबंध नाई."

"मंग तुमच्या पोट्टीले काऊन झालं?"

सासू दारात उभी होती. "नको टोचू तिले," ती म्हणाली, सहा वर्षांपूर्वीच्याच आवाजात.

ग्रहणाने झालं, या एका वाक्याला मी इतकी वर्षं घरात पोसलं होतं, आता ते जावेच्या पोटातल्या जिवावर उठलं होतं. मी बोलले. "गरानानं नाई झालं. मले ताप होता. दोन दिवस नाई, तीन हप्ते. मले मालूम होतं का मलेरिया हाय, अन् मी तपासला नाई. माझ्या पोरीले त्यानंच झालं का, ते डॉक्टरलेबी सांगता येत नाई, मलेबी नाई. पन तू माझ्यावानी बसू नको. दे बोट."

मग तिने हात पुढे केला. मलेरिया निघाला. त्याच संध्याकाळी आम्ही तिला दवाखान्यात नेलं, ताप चौथ्या दिवशी उतरला. बाळाचे ठोके चांगले आहेत. आता ती सगळ्या तपासण्या वेळेवर करून घेते, माझ्या हातून नाही, तालुक्याला जाऊन.

नवरा एकदाच म्हणाला, "तुले मालूम होतं?" हो म्हणाले. त्यानंतर तो विषय त्याने काढला नाही, आणि दुसरे विषयही फारसे काढत नाही.

सासू आता ग्रहणाचं नाव घेत नाही. मुलीने आकांत मांडला की तिला उचलून घेते आणि बायकांना सांगते, "गरान नव्हतं बाप्पा. इच्या मायनं ताप लपवला." रक्त काढू नको असं ती स्वतः म्हणाली होती, ते तिच्या लक्षातून गेलं आहे. मला आठवण करून देता येईल. पण ती अंगठा लावणारी बाई. शिकलेली मी होते.