चौथ्या मजल्याचं बंद छत

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत. रामदासपेठेत बांधकाम सुरू असलेल्या एका रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर दामिनी गजभिये ऑक्सिजनच्या नळीला लावलेल्या दाबमापकासमोर वाकून उभी आहे. काल याच वेळी तिनं नळीत दाब भरून झडप बंद केली होती. काटा हलायला नको होता. तो एक रेघ खाली आला आहे. ती मोबाइलवर फोटो काढते. थोड्या वेळानं आणखी एक काढते.

याचा अर्थ नळीत गळती आहे. कुठे, ते काटा सांगत नाही. नळी अतिदक्षता विभागाच्या पाच खोल्यांवरून जाते आणि पाचही खोल्यांचं फॉल्स सीलिंग बंद झालेलं आहे. आज बुधवार. उद्घाटन रविवारी.

दामिनी याच शहरात, इंदोऱ्यात वाढली. स्थापत्याची पदविका घेतली, एक उड्डाणपूल आणि एक वसतिगृह केलं. इथे तिचं पद कोऑर्डिनेशन इंजिनिअरचं. छताच्या वर अडीच फुटांची पोकळी असते. तिथे एसीवाल्याला, वीजवाल्याला, आग विझवायच्या पाण्याच्या ठेकेदाराला आणि गॅसवाल्याला, सगळ्यांनाच जागा हवी असते. कोण आधी, कोण नंतर, आणि एकाची तारीख हलली की आणखी कोणाची हलते, हे तिनं बघायचं. तिचं कंत्राट महिनाअखेर संपतं. वर्धा रोडवरच्या पुढच्या प्रकल्पासाठी तिचं नाव सुचवायचं की नाही, हे प्रकल्प व्यवस्थापक स्वानंद केळकर यांच्या हातात आहे.

संगणकावरच्या वेळापत्रकात हजाराच्या वर कामं आहेत. मजल्यावरचा माणूस ते उघडत नाही. म्हणून तिनं लिफ्टशेजारच्या भिंतीवर कोळशानं खोल्यांचे चौकोन आखले. काम झालं की ज्यानं त्यानं आपल्या रंगाचा खडू ओढायचा. शेवटचा खडू गॅसवाल्यांचा, पिवळा; ऑक्सिजनच्या नळीची चाचणी झाली की तो ओढायचा. पिवळा दिसल्याशिवाय सीलिंग बंद करायचं नाही. अख्खा मजला आटोपला की भिंत रंगवून टाकायची. दुसरा आणि तिसरा मजला असाच पार पडला.

गेल्या आठवड्यात चौथ्यावर विश्वस्त पूजेला येणार होते. दामिनी त्या दिवशी तळघरात होती. केळकरांनी लिफ्टसमोरची जागा स्वच्छ करायला सांगितली, रंगाऱ्यांनी भिंतीला प्रायमर मारला. सीलिंगचा ठेकेदार अंकुश हेडाऊ यानं पांढरी भिंत पाहिली, मजला आटोपला असं धरलं आणि उरलेल्या पाच खोल्या दोन दिवसांत बंद केल्या. गॅसवाले आले तेव्हा छत बंद होतं. आपल्याच दुसऱ्या जोडीनं चाचणी केली असेल, असं समजून ते दुसऱ्या साइटवर गेले. चाचणीची नोंद कुठेच सापडली नाही, म्हणून काल दामिनीनं स्वतः दाब भरला. ज्यानं त्यानं आपल्या बाजूनं बरोबरच केलं होतं.

आठ वाजता अंकुश येतो.

“पाचही खोल्या उघडायच्या आहेत,” दामिनी सांगते.

“काहून मॅडम? आत्ता कुठं पुट्टी वाळून राहिली.”

“नळी गळून राहिली.”

“मंग गॅसवाल्याले पकडा ना. मी भिंत पाहूनच लावलं होतं. आता असं करतो, सीलिंगले चेनच बसवून देतो. उघडा, लावा, उघडा, लावा.”

“बसवजो गा. पण आधी फाड.”

“साहेब हो म्हणले का?”

केळकर साहेब तोवर जिन्यातून वर आलेले असतात. ते काटा बघतात.

“एक रेघ आहे, दामिनी. रात्री गारठा केवढा होता!”

“दाब भरला तेव्हाही होता, सर. दोन अंशांचा फरक आहे. त्यानं एवढा उतरत नाही.”

“उद्घाटन होऊ दे, मग उघडू.”

“सोमवारी पेशंट येणार आहेत. खाटेवर शिडी लावायची का?”

“तारीख हलली तर ती तुझ्या नावावर जाईल. माझ्या नाही.”

“हो, सर.”

ती मोबाइल काढते आणि साइटच्या ग्रुपवर लिहिते: पाचही खोल्यांचं सीलिंग उघडणे, कारण गळती, आदेश दामिनी गजभिये. केळकर ते वाचतात आणि खाली जातात.

दुपारपर्यंत तीन खोल्यांचं छत उतरतं. गॅसवाल्यांची माणसं परत बोलावलेली आहेत. ती प्रत्येक जोडाला ब्रशनं साबणाचं पाणी लावतात. बुडबुडा येत नाही.

“साबण संपून राहिला, मॅडम,” अंकुश खालून ओरडतो. “गळती काही भेटत नाही.”

“दुसरा आण.”

चौथ्या खोलीत एसीच्या पत्र्याच्या मोठ्या नळाच्या मागे एक जोड आहे. तिथे बुडबुडे येतात, बारीक, एकामागून एक. जोड समोरून ज्योतीनं नीट झाळलेला आहे, मागून कोरा. वेळापत्रकात गॅसची नळी आधी होती, पण एसीचा माल आठवडाभर लवकर आला. त्या दिवशी सगळे खूश होते. एसीवाल्यानं नळ बसवून टाकला आणि मग गॅसवाल्याची ज्योत मागच्या बाजूला पोचलीच नाही. लवकर झालेल्या कामाची चौकशी कोणी करत नाही.

अंकुश शिडीवर चढून बघतो, उतरतो. शिडी एसीच्या नळाखाली सरकवतो.

एसीचा नळ उतरवायचा, जोड पुन्हा झाळायचा, चाचणी घ्यायची, मग छत. उद्घाटन दहा दिवस पुढे जातं. चार वाजता केळकर तिला खाली बोलावतात. वर्धा रोडसाठी कंपनीनं दुसरं नाव घेतलं आहे, असं सांगतात.

“तू समजून घेशील.”

“बरं, सर.”

वर येऊन ती डबा उघडते. भाजी गार झालेली आहे. पूर्वी असं काही झालं की ती जिन्यात जाऊन बहिणीला फोन करायची, भांडायची, रडायचीही. आता ती पोळी मोडते आणि दुसऱ्या हातानं ग्रुपवर नव्या तारखा टाकत जाते. कामं कोणत्या क्रमानं हलवायची ते तिला ठरवावं लागत नाही, बोटं आपोआप चालतात. एकामागून एक अंगठे येतात. केळकरांचाही येतो.

उद्या सकाळी नऊला लकडगंजहून छताच्या जिप्समच्या नव्या बोर्डांची गाडी येणार आहे. माल ताब्यात घेण्यासाठी गेटवर दामिनी गजभिये हे नाव दिलेलं आहे.