सुनेचा अनुभवाचा दाखला

मस्कतला येऊन मला बावीस महिने झाले होते, आणि त्यातले वीस तरी मी कागद गोळा करण्यात घालवले होते. नवऱ्याचं ऑफिस कुरुमला, घर अल खौदला, मुलगी शाळेत आणि मी डायनिंग टेबलावर फायलींसमोर. जेवायची वेळ झाली की फायली सोफ्यावर, कुणी बसायला आलं की परत टेबलावर. वैताग आला होता नुसता.

मी ऑस्टिओपॅथ आहे. आखडलेले सांधे, स्नायू, मणके हाताने मोकळे करते. आधी फिजिओथेरपीची डिग्री घेतली, मग त्यावर हे शिक्षण. आपल्याकडे हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे मालिश का?" इथे निदान त्याला लायसन्स लागतं, आपल्या कामाला कुणीतरी काम समजतंय, म्हणून मला बरं वाटलं होतं. काय ते बरं वाटणं! दरवर्षीची मार्कशीट आणा, कौन्सिलकडून हिच्याविरुद्ध तक्रार नाही असं पत्र आणा, त्यावर शिक्का, मग त्या शिक्क्यावर आणखी एक शिक्का. कॉम्प्युटरवरची परीक्षासुद्धा दिली, चाळिशी उलटल्यावर, मुलीच्या टेबलाशी बसून अभ्यास करून. पास झाले तेव्हा मुलीने विचारलं, "आई, तू हॅपी नाहीस?" म्हटलं, बाई गं, आधी झोपू दे मला.

राहिला होता फक्त अनुभव. आणि तिथेच घोडं अडलं होतं. काम सोडून दोन वर्षं झाली की अर्ज बाद, असा नियम. म्हणजे माझ्या हातात दोन महिने होते. कुरुमच्या एका क्लिनिकची मालकीण, ओमानी डॉक्टर, माझ्यासाठी एक खोली रिकामी ठेवून बसली होती. सुरुवातीला ती विचारायची, कधी येतेस, आणि मी म्हणायचे, इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात. हल्ली मी फोन केला की तीच मला "इन्शाल्ला" म्हणायची आणि फोन ठेवायची.

अनुभव नव्हता असं नाही. आठ वर्षं मी चिपळूणला सासऱ्यांच्या दवाखान्यात काम केलं. सासरे हाडांचे डॉक्टर. पुढच्या खोलीत ते, मागच्या खोलीत मी. पण मला अपॉइंटमेंट लेटर कोण देणार? सुनेला कुणी लेटर देतं का? पगाराचंही तसंच. "लागेल तेव्हा ड्रॉवरमधून घे गं, विचारतेस काय," असं म्हणायचे ते. तेव्हा त्यात मला केवढं कौतुक वाटायचं.

मी इथे आल्यावर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. दवाखाना कसा चाललाय विचारलं की म्हणायचे, "मस्त. तुझी खोली तशीच ठेवलीय. रोज झाडून घेतो." दाखला मागितला तेव्हाही त्यांनी लगेच लेटरहेडवर सुरेख पत्र लिहून पाठवलं. पडताळणी करणारी कंपनी त्यांना फोन करणार हे मी त्यांना सांगून ठेवलं होतं. फोन गेला. आठवड्याने मला रिपोर्ट आला: नोकरी केल्याचे सिद्ध होत नाही.

मी लगेच चिपळूणला फोन लावला.

"बाबा, त्यांनी काय विचारलं तुम्हाला?"

"विचारलं, ही तुमच्याकडे नोकरीला होती का. मी म्हटलं, छे हो! नोकरीला कशी असेल? सून आहे माझी. दवाखाना तिचाच आहे." एकदम खुशीत होते. आपण सुनेची बाजू कशी राखली, असं वाटत होतं त्यांना.

मी कपाळावर हात मारून घेतला. नवरा म्हणाला, "अगं, त्यांचं वय बघ." म्हटलं, माझंही बघ की जरा.

अपील एकदाच करता येत होतं. या वेळी फोन नव्हता. मालकाने फॉर्म भरायचा आणि सही करून थेट कंपनीला पाठवायचा. मी बाबांना समजावून सांगितलं की नोकरीला होती असंच लिहा. ते म्हणाले, "मी तुला नोकर म्हणू? लोक काय म्हणतील?"

आणि माझा तोल गेला. "म्हणा ना! नोकर म्हणा. घरची म्हणून कागद केला नाहीत, आणि आता कागद नाही म्हणून मी कुणीच नाही. आठ वर्षं मी तुमच्याकडे काय केलं हो, बाबा? सांगा ना मला!"

लग्नाला चौदा वर्षं झाली, पण त्यांच्याशी मी कधी वरच्या आवाजात बोलले नव्हते.

"पाठव फॉर्म," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पुढचे तीन रविवार त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. लाज वाटत होती, आणि रागही गेला नव्हता.

रिपोर्ट आला तेव्हा मी शाळेबाहेर गाडीत मुलीची वाट बघत बसले होते. अनुभव सिद्ध. खलास, सुटले! खाली बाबांनी भरलेला फॉर्म जोडला होता, प्रिस्क्रिप्शन लिहायच्या त्यांच्या त्या गिचमिड इंग्रजीत. पद, ऑस्टिओपॅथ. मालकाशी नातं, सून. ते त्यांनी लपवलं नव्हतं. कामाची वेळ, सकाळी साडेआठ ते दीड आणि संध्याकाळी पाचपासून शेवटचा पेशंट जाईपर्यंत. म्हणजे बघत होते तर.

शेवटचा प्रश्न होता: ही व्यक्ती परत आली तर तुम्ही तिला कामावर घ्याल का? हो आणि नाही, दोन्ही चौकोन रिकामे होते. शेजारी लिहिलं होतं, 'ती गेली त्याच महिन्यात दवाखाना बंद केला. ती आली तर उघडू.'

मुलगी गाडीत बसून दोनदा म्हणाली, "आई, चल ना." मला गाडी सुरू करता येईना.

त्या रविवारी बाबांचा फोन आला.

"झालं का गं तुझं काम?"

"झालं, बाबा. तुमच्यामुळे झालं." मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "पेशंट आहेत ना?"

"आहेत की," ते म्हणाले. "आजच गर्दी होती."

"आणि माझी खोली झाडून घेता ना?"

"रोज," ते म्हणाले. एवढं मात्र खरं असणार.