वळणावरचे दोन कुकारे

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी अंगणवाडी सेविका होते. पोराला ताप आला की अंगारा लावणाऱ्या बायांना मीच झापायचे. आता मीच हे लिहितेय म्हटल्यावर त्या हसतील... हसू देत.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. गाडीरस्ता संपला की पाऊण तास चढ. फोनला रेंज नाही, म्हणून आमच्याकडे कुकारा, म्हणजे डोंगरातून घातलेली लांब साद. वाडीच्या खाली कातळाचं एक वळण आहे. तिथून एक कुकारा दिला तर "निघालो", दोन दिले तर "आलो, पाणी घेऊन या". मग घरचं माणूस तांब्या घेऊन उतरतं. लग्न होऊन आले तेव्हापासून माझा कुकारा अख्खी वाडी ओळखते.

फुफ्फुसं गेली चुलीच्या धुराने. डॉक्टरांनी विचारलं, "बिडी ओढता?" म्हटलं, "नाही हो, जन्मभर चूल फुंकली." सीओपीडी म्हणाले. दिनेशने, माझ्या मुलाने, बिरवाडीला त्याच्या खोलीवर आणलं आणि बजावलं, आता धूर अजिबात नको. पण फाल्गुनात राब भाजायचे दिवस आले (भाताची रोपं टाकायच्या जागी पाला-शेण जाळतात ते) आणि मला राहवेना. कडेला नुसती उभी राहीन म्हणून हट्टाने वर गेले. कसली उभी राहतेय! तासाभरात मीच पाला सारायला लागले. संध्याकाळी श्वास अडकला. चौघांनी खुर्चीला बांबू बांधून मला खाली आणलं. वळणावर आमचे हे म्हणाले, "एक कुकारा दे गो, मला बरं वाटंल." छातीतून नुसती शिट्टी निघाली. चूक माझीच, कोणाला बोल लावू?

महाडच्या एका दवाखान्यात नऊ दिवस होते. नाकाला ऑक्सिजन. नर्सने तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं. नळीतून हवा ओढायची आणि गोळ्या वर उचलायच्या. माझी एकही हलेना. रडले मी, सरळ सांगते. सहाव्या दिवशी सकाळी साडेदहाला डॉक्टर आले आणि दिनेशला हळूच म्हणाले, "चढ आता विसरायचा. त्यांना खालीच ठेवा." मी ऐकलं. भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले.

दुपारी आमचे हे धापा टाकत आले. गुरांसाठी आदल्या दिवशी वर गेले होते. हातात रिकामा तांब्या.

"तू हितं कशी?"

"मग कुठे असणार?"

"अगो, साडेधाला वळणावरून दोन कुकारे आले! तुझेच. शेजारची सखूच म्हनली, वयनी आल्या, पानी न्या. धावत उतरलो तर वळणावर कोन नाय. वाटलं, दमून खाली बसली असंल. हाका मारत रस्त्यापर्यंत आलो गो..."

नर्स म्हणाली, "आजोबा, मावशी खाटेवरून हलल्यासुद्धा नाहीत."

यांना भास झाला म्हणावं, तर सखूनेही ऐकलं. मी परत दिनेशच्या खोलीवर आल्यावर ती बिरवाडीच्या बाजाराला आली, तेव्हा तिला उलटसुलट विचारलं. "नाय वयनी, तुमचाच आवाज. तरण्यापनी होता ना, तसा." म्हणे, पोटातून आलेला, लांबलचक!

काहीजण म्हणतात, शुभ आहे. मला मात्र संताप येतो. एवढा दम आला कुठून? माझ्याच छातीतला असेल तर मला का नाही मिळाला? संडासापर्यंत जायचं तरी मध्ये दोनदा बसते मी. एक गोळी वर जाते, तीही अर्धी.

सखू सांगते, आमचे हे आता रोज सकाळी तांब्या घासून, भरून दारात ठेवतात आणि वळणाकडे कान लावून बसतात. डॉक्टर काय म्हणाले ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. दिनेशलाही सांगू दिलेलं नाही.