शिवणारीचं पद

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाखाली कृष्णा इतकी आटली की दोन वर्षं देवीची पालखी होडीतून निघालीच नाही. पुढच्या माघात पाणी होतं. कृष्णामाईची पालखी होडीत ठेवली, भजनी मंडळाचे बुवा टाळकऱ्यांसह बसले. बायकांना होडीत जागा नव्हती. आम्ही ओवाळणीची ताटं सावरत, पायातले बाभळीचे काटे काढत, काठाकाठानं होडीबरोबर चाललो.

मी गावातल्या बायकांची पोलकी शिवायची. घरी येऊन मशीनवर बसले आणि ओळ आली, ‘माय बसली नावेत, काठ चालू लागला.’ मापाच्या खाकी कागदावर उतरवून घेतली. आठ दिवसांत पाच कडवी झाली. शेवटी रचणाऱ्याचं नाव घालतात, तिथं नाव घालायला मी लाजले. ‘शिवणारी म्हणे, माये, फाटलं तेवढं शीव’ एवढंच लिहिलं.

नवऱ्यानं कौतुकानं तो कागद बुवांना नेऊन दिला. बुवांनी चाल लावली. पुढच्या माघात होडीतून माझे शब्द ऐकू आले आणि मी चालायची थांबले. मग शेवटचं कडवं आलं. ‘शिवणारी’च्या जागी बुवांचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर चारचौघांत त्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “बाईच्या नावाचं पद पालखीम्होरं म्हणत न्हाईत. देवीची सेवा झाली न्हवं?”

“आवं बुवा, सुई कवा धरली तुमी हातात?”

 संध्याकाळी नवरा म्हणाला, वडीलधारा माणूस आहे, सोडून दे. त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही, पुढचे कितीतरी दिवसही नाही. बुवांपेक्षा त्याचाच राग जास्त आला.

वर्षभर माप द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी पद शिकवलं, माझ्या शेवटासकट. माघात होडी निघाली तशा आम्ही काठावरून गायला लागलो. शेवटच्या कडव्याला होडीतलं नाव आणि आमची ‘शिवणारी’ एकमेकांवर आदळली. आम्ही पंधरा-वीसजणी होतो. बुवांनी टाळ थांबवले आणि पाठ फिरवून बसले.

तरी देवळानं पदांची पुस्तिका छापली तेव्हा खाली त्यांचंच नाव आलं. आजही तेच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये, असं मला सुना सांगतात. मी धरते. बुवांच्या तेराव्याला सगळं गाव जेवलं. मी गेले नाही.