शेंगा मोजाव्यात तशी लेकरं

सत्तरच्या दशकात वाढत्या शहरांचं काय करायचं, हे काही देशांनी मिळून शोधायचं ठरवलं आणि पाहणीसाठी निवडलेल्या शहरांत आमचं सोलापूरही होतं. गर्दी बघायला पाहणीचे परदेशी लोक थेट आमच्या विणकरांच्या चाळीत आले. आम्ही म्हणजे गर्दी, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. रागच आला. तरी गोरी माणसं बघायला सगळ्यांत पुढे मीच उभी होते.

पाहुणे नवरा-बायको होते आणि सोबत महापालिकेचे एक साहेब. आमचा हातमाग आणि आम्ही सगळे एकाच खोलीत राहायचो. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. साहेबांनी विचारलं, “मुलं किती?”

लेकरं मोजली की त्यांना नजर लागते, असं आमच्याकडच्या साऱ्या बायका मानायच्या. आई तडकली, “लेकरं काय शेंगा हायेत व्हय मोजायला? बसा, जेवा आदी.”

साहेब ओशाळले, पण पाहुणे खुशाल मागाशेजारी मांडी घालून बसले, मग साहेबही टेकले. शेजारची पोरंही नेहमीसारखी पंगतीत घुसली. शेंगाचटणीनं गोऱ्या बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी त्या भाकरी मागतच राहिल्या. आम्ही हसून हसून लोळलो.

निघताना साहेब काकुळतीला आले. “बाई, आता तरी सांगा, किती लिहू?”

आईनं पदराला हात पुसले.

“पंगतीत हुती तेवढी समदी माजीच. तुमी तिगं बी जेवला की. तुमाला धरून लिवा.”