अर्ध्यात भागतं

मांदेलीचा वाटा घेऊन झाला होता. उरणहून येणाऱ्या आमच्या कोळणीने, हिराबायने, नेहमीसारखे त्याचे दोन भाग करून दोन पिशव्यांत भरले आणि तिसऱ्यांदा विचारलं, "ती का नाय आली आज? भांडल्याव काय दोघी?" भांडलो वगैरे काही नव्हतो, एकटी दिसले की ती असं विचारायचीच. एकीने मासळी आणायची, दुसरीने भाजी, आणि निम्मं निम्मं वाटून घ्यायचं, ही आमची बावीस वर्षांची पद्धत. त्या बुधवारी मासळीची पाळी माझी होती. 'निघतेय गं, चिंच भिजत घाल' एवढंच सांगायला मी कुंदाताईला फोन लावला, तर तो तिच्या मुलाने, निखिलने उचलला. "मावशी... आई गेली. सकाळी बाथरूममध्ये पडली. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले. हॉस्पिटलात नेईपर्यंत..." पुढचं मला ऐकू आलं नाही. हिराबायने मला तिच्या पाटावर बसवलं, पाणी दिलं, काय झालं ते कळल्यावर एक पिशवी हळूच परत बर्फात रिकामी केली आणि अर्ध्या वाट्याचे पैसे माझ्या मुठीत कोंबले. मी ते घेतले. नंतर मला त्याची फार लाज वाटली, पण कुंदाताई असती तर नक्की म्हणाली असती, "बरं केलंस."

याला आता सात आठवडे झाले. पनवेलच्या आमच्या गल्लीत तिला न ओळखणारं घर नाही, त्यामुळे तिच्यावर मी काहीतरी लिहावं असं बऱ्याच जणांनी सुचवलं. तिच्या काटकसरीच्या युक्त्या, तिचा हसरा स्वभाव, असं काहीतरी छान. तेराव्या दिवसापर्यंत मी तसं लिहिलंही असतं. आता जमत नाही. मला तिचा राग आलाय, आणि गेलेल्या माणसाचा राग कुठे नेऊन ठेवायचा हे मला कुणी सांगितलेलं नाही.

आमची ओळखच मुळी तिच्या भोचकपणातून झाली. आम्ही दादरहून इथे राहायला आलो त्याला महिना झाला असेल. नवीन उघडलेल्या एका मोठ्या दुकानात मी 'एकावर एक फ्री'ची ढकलगाडी भरून रांगेत उभी होते. मागून एक बाई गाडीत डोकावली आणि म्हणाली, "घरात माणसं किती?" मी म्हटलं, तीन. "मग ही शाम्पूची सहा डबडी कुणाच्या केसांना? मिस्टरांना तर टक्कल असेल, मघाशी फळांपाशी उभे होते तेच ना?" मला इतका संताप आला की मी पाठ फिरवली. बिल होईपर्यंत मात्र चार डबडी मी परत फळीवर ठेवून आले होते. बाहेर ती माझी वाट पाहत उभी होती. आमच्यापासून तिसऱ्या इमारतीत राहायची. वयाने सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी ताई म्हणायला लागले आणि वर्षाच्या आत अहो-जाहो गळून पडलं.

तिची सगळी विद्या एका वाक्यात होती, 'अर्ध्यात भागतं.' कपड्यांच्या पावडरीच्या पुड्यावर जे माप लिहिलेलं असतं ते कंपनीच्या पोटासाठी, कपड्यांसाठी नाही. निम्मी पावडर टाक, कपडे तेवढेच निघतात. टूथपेस्ट जाहिरातीतल्या बाईसारखी ब्रशभर पसरायची नाही, वाटाण्याएवढी पुरे. भांडी घासायची घासणी कापून तिच्या दोन करायच्या, उदबत्ती आरती झाली की चिमटीने विझवायची, ती संध्याकाळी पुन्हा चालते. डाळीला एक शिट्टी कमी आणि गॅस बंद, पुढचं काम वाफ करते. मोडक्या छत्र्यांचं कापड ती साठवायची आणि त्याच्या पिशव्या शिवायची. त्यातून मासळीचं पाणी गळत नाही. माझ्याकडे तिची एक काळी आणि एक फुलाफुलांची अशा दोन पिशव्या आहेत. तेलाचा डबा, तांदळाचं पोतं, मे महिन्यातले सुके बोंबील, सगळं दोघींत मिळून घ्यायचं. पण तिला कुणी चिकट म्हटलेलं मला खपायचं नाही. कर्नाळ्याच्या बाजूने रानभाज्या घेऊन येणाऱ्या बायकांशी तिने कधी एका रुपयाची घासाघीस केली नाही. "अगं, पहाटे डोंगर उतरून आल्यात त्या," म्हणायची. तिचं वैर होतं ते वाया जाण्याशी. नळ ठिबकताना ऐकू आला तर ती दुसऱ्याच्या घरातही उठून बंद करायची.

माझ्या मिस्टरांची तळोज्याची कंपनी बंद पडली तेव्हा या विद्येवर आमचं घर दीड वर्ष चाललं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज सांगते. त्या दीड वर्षात मी माझ्या हुशारीनेही एक बचत शोधली होती. मला दमा आहे. डॉक्टरांनी पंपाचे सकाळ-संध्याकाळ दोन-दोन दम सांगितले होते, मी एकेकच घ्यायला लागले, मग फक्त सकाळचा. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवाळीचा फराळ दोघी मिळून करत होतो, मला बेसन भाजताना धाप लागली म्हणून मी पंप काढला, तर कुंदाताईने तो हातातून घेऊन उलटसुलट पाहिला. आमच्या दोन्ही घरांतला साबण किती दिवस पुरतो, गॅस कधी संपतो, हे जिला तोंडपाठ, तिच्यापासून हे कसं लपणार? "माधुरी, हा गणपतीच्या आधी घेतला होतास. मी होते बरोबर. महिन्याचा पंप दिवाळीपर्यंत कसा पुरला?"

मी म्हटलं, "अर्ध्यात भागतं ना ताई." मला वाटलं ती हसेल. तिने गॅस बंद केला, बेसन तसंच टाकून मला हाताला धरून जिना उतरवला आणि थेट कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नेऊन उभं केलं. दुकानात चार माणसं होती. सगळ्यांच्या देखत ओरडली, "साबण आणि श्वास सारखा वाटला का गं तुला? मी शिकवलं हे?" नवा पंप घेतला, पैसे तिने दिले, आणि पायरीवर मला गळ्याची शपथ घ्यायला लावली. गळ्याची कातडी चिमटीत धरून म्हणायचं, शाळेतल्या मुली म्हणतात तसं. औषधात काटकसर नाही, गळाशप्पथ. मी चाळिशीची बाई, रस्त्यावर गळा धरून उभी... मला हसू फुटलं आणि मी म्हटलं, "मग तूही घे." तिने एका क्षणाचाही विचार न करता स्वतःचा गळा चिमटीत धरला. "गळाशप्पथ." त्या दिवसाचे लाडू जरा करपट झाले, पण आम्ही ते टाकले नाहीत.

आता गेल्या वर्षीचं सांगते. तिचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. पेन्शन व्यवस्थित होतं. निखिल आणि सून सायली कामोठ्याला राहतात, दोघं चांगलं कमावतात, दर रविवारी येतात. कशाची चणचण नव्हती, हे मुद्दाम लिहिते, कारण हे वाचून कुणी तिच्या मुलाला बोल लावू नये. रक्तदाबाची गोळी तिला दहा वर्षांपासून चालू होती. एके दिवशी चहा झाल्यावर तिने ओट्यावरची हिंगाची रिकामी डबी उघडून गोळी तोंडात टाकली आणि मी सहज म्हटलं, "गोळी लहान झाली का गं?"

"हो, डॉक्टरांनी कमी केली. चालण्याचा गुण आला म्हणाले."

मला इतका आनंद झाला! मीच तिला रोज संध्याकाळी वडाळे तळ्याला फेऱ्या मारायला ओढून न्यायचे. त्या संध्याकाळी मी तिला तळ्याकाठी शहाळं पाजलं. एरवी शहाळ्याचा भाव ऐकून ती नारळवाल्याला त्याच्या झाडाचा पत्ता विचारायची. त्या दिवशी एक शब्द बोलली नाही, मान खाली घालून प्यायली. मी समजले, माझं मन राखतेय. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. उलट मी घरी येऊन मिस्टरांना सुनावलं, "बघा, चाललं की गोळ्या कमी होतात. शिका जरा कुंदाताईकडून."

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि सायलीने मला स्वयंपाकघर आवरायला हाक मारली. तिला सासूच्या डब्यांतलं काही कळेना. कुठल्याच डब्यात वर लिहिलेलं निघत नव्हतं, चहाच्या डब्यात साबुदाणा, बिस्किटांच्या डब्यात मोहरी. ती हिंगाची डबी हातात घेऊन म्हणाली, "मावशी, यात गोळ्या आहेत. कापलेल्या." मी झाकण उघडलं. हिंगाचा वास आला. आत पांढऱ्या गोळ्यांचे अर्धे तुकडे होते. दुधाच्या पिशव्या कापायच्या कात्रीने कापलेले, एकसारखे, जराही चुरा न होता. तिचा हात पहिल्यापासून मापाचा.

"डॉक्टरांनी कमी केली होती ना," मी म्हटलं.

सायलीने मान हलवली. "नाही हो. निखिलने विचारलं त्यांना. पूर्णच होती शेवटपर्यंत. मी एकदा आईंना कापताना पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, मशीनवर आकडा बरोबर येतोय, अर्ध्यात भागतंय, मग उरलेली वायाच ना... मी म्हटलं, विचारा तरी डॉक्टरांना. म्हणाल्या, विचारते." मग तिने डबी माझ्या हातून काढून घेतली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल मावशी. तुम्ही दोघी सगळं मिळूनच करता."

मेडिकलवाल्यालाही तिने माझ्यासारखंच फसवलं होतं. मी जाऊन विचारलं तर बिचारा घाबरला. एक पाकीट दोन महिने कसं पुरतं असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, डोस कमी झालाय. ज्या पायरीवर तिने माझ्याकडून शपथ वदवली, तीच पायरी चढून जाऊन त्याच्याशी खोटं बोलली. अर्ध्या गोळीनेच घात केला असं डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगत नाहीत. ते म्हणतात, पूर्ण गोळी घेणाऱ्यांनाही कधी कधी होतं. निखिलसाठी ते बरं आहे. माझं त्याने भागत नाही.

मी रात्रंदिवस तिच्याशी भांडते. पैसे नव्हते म्हणून कापली असतीस तर मी समजू शकले असते, ताई. तुला फक्त निम्मी गोळी 'वाया' जाताना बघवत नव्हती. पावडर आणि गोळी तुला सारखी वाटली का? हा प्रश्न तूच मला चार माणसांत विचारला होतास. तिने केसाने गळा कापला माझा, आणि तो कुठल्या गळ्याची शपथ घेऊन! सगळ्यात जास्त मला हे लागतं की सुनेला तिने खरं सांगितलं. खोटं बोलली ती माझ्याशी. कितीतरी दिवस याचा अर्थ लागेना. मग लागला, आणि लागल्यावर आणखी वाईट वाटलं. सायलीने फार तर डॉक्टरांना विचारा म्हटलं असतं. मी तिला हाताला धरून जिना उतरवला असता. म्हणजे शपथ तिला आठवत होती. ती विसरली असती तर मी तिला माफ केलं असतं.

आणि माझं काय? तिने माझ्या पंपाचे दिवस मोजले होते. मी तिच्या घरातला तांदूळ, तेल, उदबत्तीसुद्धा कधी संपते ते सांगू शकत होते, पण एका वर्षात तिने गोळ्यांचं पाकीट किती वेळा घेतलं हे मी पाहिलं नाही. मला तिच्या बरं होण्याचं श्रेय हवं होतं. ते एका शहाळ्यात मिळालं आणि मी गप्प बसले.

परवा पहिल्यांदा मासळीबाजारात गेले. फुलाफुलांची पिशवी घेऊन. हिराबायने मांदेलीचा वाटा उचलला आणि सवयीने दोन पिशव्या काढल्या, मग एक परत ठेवली. "आख्खाच ने बाय आता," म्हणाली, "आमी काय, देतंव थोडा कमीन." मी भाव कमी करू दिला नाही. घरी आल्यावर मासळी साफ केली, मीठ-हळद लावली, आणि पाहिलं तर ओट्यावर दोन वाडगे भरून ठेवलेले. तिचा डाग पडलेला वाडगासुद्धा काढला होता मी. तो तसाच फ्रीजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कालवण केलं. टाकलं नाही.

साबणाची पावडर मी अजून निम्मीच टाकते. डाळीला शिट्टी कमीच देते. त्यात ती बरोबर होती आणि तेवढ्यापुरती ती माझ्या घरात आहे, माझी इच्छा असो वा नसो. हिंगाची डबी सायली फेकणार होती, मी मागून आणली. तुकड्यांसकट. ती माझ्या पंपाशेजारी फळीवर असते, आणि दोन्ही वेळा पंप घ्यायला हात वर केला की आधी तीच दिसते. डॉक्टरांनी दोन दम सांगितलेत. पहिला मी दम्यासाठी घेते. दुसरा तिच्यावरच्या रागाने घेते.